सरांचं बयान

बकरीची सुनावणी घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या कॉलेजातले खेळाचे सर.

कॉलेज परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, येलदरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मैदानाला तेव्हा तारेचं कुंपण होतं, पण फाटक नव्हतं. एके सकाळी शेजारच्या वस्तीवरच्या म्हातारीची बकरी आत शिरली आणि व्हॉलीबॉलची नवी कोरी जाळी हातभर कुरतडून बसली. शिपायानं बकरी खांबाला बांधली. प्राचार्यांनी तिला कोंडवाड्यात घालायचा हुकूम सोडला. म्हातारी रडकुंडीला आलेली. तेवढ्यात सर आले. त्यांनी खिशातून मूठभर फुटाणे काढले, निम्मे म्हातारीला दिले, निम्मे शिपायाला, आणि स्वतःची खुर्ची म्हातारीला देऊन आपण जमिनीवर बसले.

"हां आजी, तुमचं काय म्हणणं हाय?"

म्हातारी आधी घाबरली. मग फुटाणे चघळत म्हणाली, "मी काय म्हणू बाबा? तुमच्या मैदानाला दार न्हाई. माजी बकरी काय शाळा शिकलीय का?"

सरांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, खाली म्हातारीचा अंगठा घेतला. बकरीच्या नावापुढं 'काही बोलली नाही' अशी नोंद केली. निकाल दिला की दोष कॉलेजचा आहे, फाटक बसवावं. आणि गंमत म्हणजे तीन वर्षं अर्ज करून जे होत नव्हतं ते फाटक त्या कागदामुळं महिनाभरात बसलं. लोखंडी, हिरव्या रंगाचं.

या कागदाला सर 'बयान' म्हणायचे. निजामाच्या वेळचे असे पुष्कळ शब्द आमच्याकडे अजून नांदतात. कुणाचंही बयान घेतल्याशिवाय शिक्षा करायची नाही, हा त्यांचा धर्म होता. बाकी देवळात वगैरे जाताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

दिसायलाही ते खेळाचे वाटायचे नाहीत. अंगानं किडकिडीत. वर इस्त्रीचा पांढरा फुल बाह्यांचा शर्ट आणि खाली निळी ट्रॅक पँट. "सर, कमरेच्या वर तुम्ही बँकेत निघालाय आणि खाली मैदानावर," असं मी त्यांना तोंडावर म्हणायचे. ते हसायचे, पण पोशाख बदलला नाही. खांद्याला एक खाकी पिशवी. तिच्यात शिट्टी, मोजपट्टी, बँडेज, फुटाण्यांचा पुडा आणि जुन्या स्कोअरशीटचा हा जाड गठ्ठा. त्या स्कोअरशीटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बयानं लिहिली जात. वर 'म्हणणं', खाली 'निकाल', शेवटी सही.

माझा खेळाशी संबंध काय तर मी भूगोल शिकवायचे. पण मुलींचा संघ बाहेर न्यायचा तर सोबत बाई व्यवस्थापक लागते असा नियम आहे. स्टाफवर आम्ही तिघी, दोघींची लेकरं लहान, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. आठ वर्षं मी त्यांच्यासोबत एसटीनं आणि पूर्ण्याहून रेल्वेनं हिंडले. कबड्डीचे नियम मला शेवटपर्यंत कळले नाहीत. सर मात्र थोडेफार कळले.

प्रॅक्टिसला पोरगी उशिरा आली की बयान. दोघींची झोंबाझोंबी झाली की दोन बयानं. निकाल बहुतेक ठरलेला, मैदानाला चार फेऱ्या. मी एकदा वैतागून विचारलं, "सर, शेवटी चार फेऱ्याच देता, मग एवढा खटाटोप कशाला?"

"मॅडम, फेऱ्या त्याच, पण पळणारी पोरगी बदलती," ते म्हणाले. "जिचं ऐकून घेतलंय ती पोरगी पळताना दमत न्हाई. तुमी बघा."

मी बघितलं. सगळ्या सारख्याच दमायच्या. पण तसं त्यांना सांगायचं जिवावर आलं.

माझ्यावरही त्यांनी हा प्रयोग केला. परीक्षेत एका मुलीला मी चिठ्ठीसकट पकडलं. मी भयंकर चिडले होते, तिथंच तिचा पेपर काढून घेणार होते. सर त्या खोलीवर माझ्याबरोबर होते. हळूच म्हणाले, "तिचं म्हणणं घेतलं का?" मी म्हटलं, चिठ्ठी हातात आहे, म्हणणं कसलं डोंबलाचं? तरी त्यांनी तिला बाहेर नेलं, फुटाणे दिले, अर्ध्या तासानं कागद घेऊन आले. मुलीनं सगळं कबूल केलं होतं. मी विजयी मुद्रेनं पाहिलं. सर म्हणाले, "आता करा शिक्षा. आता ती शिक्षा हाय. मघाशी ती तुमची चिडचिड होती." हे वाक्य मला तेव्हा लागलं, आणि अजून लागतं.

ही सवय त्यांना का लागली, यावर स्टाफरूममध्ये बऱ्याच कथा होत्या. तरुणपणी त्यांनाच म्हणे कुणी खोट्या आळावरून संघातून काढलं होतं. एकदा बसमध्ये मी सरळ विचारून टाकलं. ते म्हणाले, "न्हाई हो. मला कुणी काढायला मी संघात होतोच कुठं? आमची माय होती, तिचं हे. आमी सात भावंडं. भांडण झालं की ती दोघांच्या हातात चतकोर भाकर द्यायची अन् खात खात सांगा म्हणायची. तोंडात घास आसला की माणूस जरा नीट बोलतो. भाकर घेऊन हिंडता येत न्हाई, म्हणून हे फुटाणे." एवढंच. मला जरा निराशाच वाटली.

आता शिवकन्येबद्दल.

शिवकन्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. घर धनगराचं, थोडी शेळ्यामेंढरं. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला निघायचे ते पार उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचे, आणि पोरगीही बरेचदा सोबत जायची. कबड्डीत ती कोपऱ्यात उभी राहायची. समोरची पोरगी चढाईला आली की वाकून तिचा घोटा असा धरायची की सुटका नाही. सर म्हणायचे, पळत्या शेळीचा मागचा पाय धरायची ज्याला सवय, त्याला पकड काय शिकवायची. तिला पोलीस व्हायचं होतं. भरतीत खेळाडूंसाठी जागा असतात, त्यासाठी विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. घरच्यांनी तिला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर संघात निवड झाली तर ती भरतीची तयारी करणार. नाही तर लग्न. नवराबायको मिळून ऊसतोडीत एक कोयता धरतात, तसा घरात आणखी एक कोयता उभा राहणार होता.

ज्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडतात, तिला दीड महिना उरला असताना विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाचं पत्र आलं. दोन ओळींचं. सदर खेळाडूनं मंडळाच्या परवानगीशिवाय बाहेरच्या स्पर्धेत भाग घेतल्याचं निदर्शनास आलं आहे, सबब तिच्यावर दोन वर्षांची बंदी. सोबत मोबाईलवरून काढलेला एक फोटो. गेल्या जानेवारीत कारखान्याच्या भागात, जिथं ऊसतोडीचा तळ होता, त्या गावच्या जत्रेतले सामने. गावच्या पोरींसोबत शिवकन्या उभी, आणि बक्षिसाची स्टीलची घागर तिच्याच काखेत. एवढी हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

सरांनी पत्र तीनदा वाचलं. "हिला कुणी इचारलं?" ते म्हणाले. "कुणीच न्हाई. फोटोला इचारलं अन् शिक्षा केली."

मग ते पेटले. आठवड्यातून दोनदा एसटीनं विद्यापीठात जायचे. तक्रार कुणी केली, नियम कोणता, नोटीस का नाही, पोरीला बोलवायला काय हरकत होती, असे चार प्रश्न चार अर्जांत. मंडळाच्या ऑफिसातला क्लार्क त्यांना पाहून फाईल तोंडापुढं धरायचा. सर त्याच्या टेबलावर फुटाणे ठेवून समोर बाकावर बसून राहायचे. शेवटी मंडळच कंटाळलं आणि सुनावणीची तारीख मिळाली. ती नेमकी अशी, की त्याच दिवशी संध्याकाळी पाचला स्पर्धेतल्या खेळाडूंची यादी पक्की होणार होती. सर खुश. "पेशी मिळाली मॅडम! आता पोरगी बोलंल अन् सुटंल."

आम्ही तिघं गेलो. खोलीत तीन सदस्य. अध्यक्ष माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्यांनी शिवकन्येला बसायला सांगितलं आणि सरळ विचारलं, "खेळलीस ना?"

"हाव. त्या पोरींना एकजण कमी पडायली होती."

"कुणाला विचारलं होतंस?"

ती मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, तरी गप्प. सर खुर्चीच्या काठावर आले. "बोल शिवे. घाबरू नकू. तुझं म्हणणं सांगायलाच तर आलो आपण."

तिनं सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एकदम तिचे डोळे भरले.

"सर, मी तुमालाच फोन केलता की."

सर म्हणाले, "मला?"

"तळावरून केलता. जत्रेच्या आदल्या आठवड्यात. खेळू का म्हणलं. तुमी म्हणले खेळ, मी मंडळाला पत्र टाकतो."

"मग इतके दिवस बोलली कामून न्हाईस?"

"तुमी मला इचारलंच न्हाई सर," ती म्हणाली. "आधी वाटलं तुमाला ठावं हाय. मंग कळलं की तुमी इसरले. मंग तुमचं नाव कसं सांगायचं?"

अख्ख्या गावाला, बकरीसकट, म्हणणं विचारणारा हा माणूस. आणि महिनाभर तिच्यासाठी धावताना तिलाच विचारायचं राहून गेलं होतं. खरं सांगायचं तर मलाही सुचलं नव्हतं. आम्ही दोघंही तिचा कैवार घेण्यात इतके गर्क होतो.

सरांनी पिशवी अध्यक्षांच्या टेबलावर उपडी केली. शिट्टी घरंगळत खाली गेली. बँडेज सुटलं. फुटाणे सांडले. स्कोअरशीटचा गठ्ठा त्यांनी एकेक करून उलटला. गठ्ठ्याच्या मध्यावर ते पत्र होतं. कॉलेजचं लेटरहेड, प्राचार्यांची सही, जावक क्रमांक, तारीख जत्रेतल्या सामन्यांच्या चार दिवस आधीची. घडी घातलेलं, पाकिटात घातलेलं, पत्ता लिहिलेलं. फक्त पोस्टात पडलं नव्हतं.

सरांनी ते अध्यक्षांपुढं ठेवलं. "पोरीनं परवानगी मागितली होती," ते म्हणाले. "गुन्हा माझा."

तिघं सदस्य आपसांत कुजबुजले. मग अध्यक्षांनी सांगितलं, मुलीचा दोष दिसत नाही, तिची बंदी उठवू. पण निष्काळजीपणाबद्दल संघाच्या मार्गदर्शकावर कारवाई करावी लागेल. एक वर्ष कुठल्याही स्पर्धेच्या वेळी मैदानात प्रवेश नाही. "मान्य असेल तर इथंच सही करा, प्रकरण मिटलं. मान्य नसेल तर तुमचा हक्क आहे. रीतसर नोटीस काढू, उत्तराला सात दिवस, पुढची बैठक दिवाळीनंतर. मात्र तोवर सगळं प्रकरण प्रलंबित."

सगळं म्हणजे शिवकन्यासुद्धा.

मला राहवेना. सर त्या वर्षी निवृत्त होणार होते. हा त्यांचा शेवटचा हंगाम होता. पत्र का राहिलं, कसं राहिलं, हे एका शब्दानं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, पण सरांचं म्हणणं तरी ऐकून घ्या ना."

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मॅडम, साडेचार झालेत," ते म्हणाले आणि सही केली. आयुष्यभर जी गोष्ट त्यांनी कुणालाही नाकारली नाही, ती स्वतःपुरती अशी सोडून दिली. येताना बसमध्ये फुटाणेही निघाले नाहीत.

त्या वर्षी स्पर्धा नेमकी आमच्याच मैदानावर होती. आदल्या दिवशी सरांनी स्वतः चुन्याची फक्की मारून मैदान आखलं, दोऱ्या तपासल्या, पाण्याचे माठ ठेवले. सकाळी उद्घाटनाच्या आधी फाटकाबाहेर गेले आणि फाटक आपल्या हातानं लावून घेतलं. बकरीनं मिळवून दिलेलं तेच हिरवं फाटक. मग कुंपणाबाहेरच्या बाभळीखाली एका दगडावर जाऊन बसले.

मी म्हटलं, "सर, तिथून ओरडून सांगा हो काहीतरी. मला यातलं ओ का ठो कळत नाही."

"आवाज आत आला म्हणजे मीच आत आलो," ते म्हणाले. आणि आवाज निघू नये म्हणून तोंडात फुटाण्यांचा बोकणा भरला. दोन दिवस ते तसेच बसले. टाईम आऊट कधी घ्यायचा हे मला कळायचं नाही, मी आशेनं कुंपणाकडे बघायचे, की हे मान वळवून रस्त्यावरच्या म्हशी बघायचे. संताप यायचा. रडूही यायचं.

शेवटच्या सामन्यात आम्ही एका गुणानं पुढं होतो, आणि शेवटची चढाई समोरच्या संघाची. त्यांची उंच पोरगी आमच्या कोपऱ्यापर्यंत आली, शिवली, वळली. शिवकन्या वाकली. घोटा हाती लागल्यावर तिनं तो सोडला नाही. तासाभरात स्पीकरवरून विद्यापीठाच्या संघातली नावं वाचली गेली. तिसरं नाव तिचं होतं. मला खेळातलं कळत नसलं तरी मी दोन्ही हात वर करून ओरडले. बाभळीकडे पाहिलं, तर सर उभे होते आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होते.

शिवकन्या बक्षीस घ्यायला थांबलीच नाही. धुळीनं माखलेली, गुडघा फुटलेला, तशीच फाटक उघडून बाहेर गेली. मागं सगळा संघ, त्यांच्या मागं मी. तिनं सरांना धरून परत दगडावर बसवलं. त्यांच्याच पिशवीत हात घालून पुडा काढला, मूठभर फुटाणे त्यांच्या हातात दिले आणि स्वतः समोर जमिनीवर बसली.

"हां सर," ती म्हणाली. "आता तुमी सांगा. तुमचं काय म्हणणं हाय?"

सर आधी हसले. मग हसू राहिलं नाही. फुटाणे नुसते मुठीत धरून बसले.

"खा की," ती म्हणाली. "खात खात सांगा."

त्यांनी दोन दाणे तोंडात टाकले. "इसरलो गं पोरी. गॅदरिंग होतं, पाहुणे होते, हे सगळं खरं हाय, पण ते निमित्त झालं. पत्र पिशवीत ठेवलं अन् इसरलो. त्याचं एवढं न्हाई. म्हाताऱ्या माणसाचं व्हतं तसं. पण महिनाभर तुझ्यासाठी भांडलो अन् तुला एकदा इचारलं न्हाई. मलाच सगळं ठावं हाय असं वाटलं. ते इसरणं न्हाई शिवे, ती घमेंड हाय. ते मला लय लागलं. बाकी माझं काय म्हणणं न्हाई."

"मॅडम, लिहून घेतलं का?" शिवकन्येनं विचारलं.

मी लिहून घेतलं होतं. पिशवीतल्याच स्कोअरशीटच्या पाठीवर, शब्दन् शब्द. सरांनी खाली सही केली. तो कागद माझ्याकडे आहे, त्याच्यावर चुन्याचा एक डाग आहे. सही घेऊन झाल्यावर मी सवयीनं खाली 'निकाल' असं लिहिलं आणि वर पाहिलं.

"त्यात काय इचारायचं?" शिवकन्या म्हणाली. "चार फेऱ्या."

सर मुकाट्यानं उठले. मैदानात जायची बंदी, म्हणून कुंपणाच्या बाहेरून. पांढरा शर्ट, निळी ट्रॅक पँट, अठ्ठावन्न वर्षांचं ते किडकिडीत शरीर आणि मागं बारा पोरी. आत स्पीकरवरून विजयी संघाच्या व्यवस्थापकांना मंचाकडे यावं म्हणून विनंती चालली होती. त्यांच्या व्यवस्थापक तेव्हा चपला फाटकापाशी काढून, पदर खोचून, बाभळीच्या काट्यांतून वाट काढत पळत होत्या.

तिसऱ्या फेरीला सरांचा श्वास मोठ्यानं ऐकू यायला लागला. शिवकन्या त्यांच्या बरोबरीनं आली. म्हणाली, "सर, बस झालं. थांबायचं का?"

सरांनी मान हलवली आणि पळत राहिले.

"कामून थांबू?" ते म्हणाले. "माझं ऐकून घेतलंय."